वडगुड्याचा खचांक

मुलीकडचे लोक चहा पिऊन उठले, तेव्हाच मोरेश्वर पिंपळशेंडेने ओळखलं की ही सोयरीकही गेली. पोह्यांना कुणी धड हात लावला नव्हता. मुलीच्या मामाने तर अंगणात पाऊल टाकताच खाली बघितलं होतं आणि चपलेच्या टाचेने जमीन दोनदा दाबून पाहिली होती.

"पोरगा तुमचा चांगला हाये, घर चांगलं हाये," निघताना मामा म्हणाला. "पण एकाहत्तरात आमाले पोरगी नाही द्याची. राग नका मानू."

"राग कायचा?" मोरेश्वर म्हणाला आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आला. आत येऊन पाहतो तर कुंदा, त्याची बायको, न खाल्लेले पोहे पुन्हा पातेल्यात ओतत होती. प्रज्वल, त्यांचा एकुलता एक मुलगा, कपडे बदलून सिमेंट कारखान्याच्या पाळीवर निघून गेला होता. वय एकोणतीस, नोकरी पक्की, सुपारीचंही व्यसन नाही. हे चौथं स्थळ.

पूर्वी स्थळाच्या पत्रिकेत रास, नक्षत्र, नाड लिहीत. आता नाडीच्या खाली आणखी एक रकाना आला होता: गावाचा खचांक, म्हणजे गावाखालची जमीन खचण्याचा धोका किती त्याचा आकडा. सरकारने तो सगळ्यांना खुला ठेवला होता. फोनवर गावाचं नाव टाकलं की शून्य ते शंभरमधला एक आकडा समोर येई, हिरवा नाहीतर लाल. साठच्या आत हिरवा, वर लाल. वडगुडा गेली तीन वर्षं लाल होतं आणि त्या तीन वर्षांत गावात एकही सून आली नव्हती. गावातल्या मुली मात्र पटापट खपत होत्या, कारण त्या गाव सोडून जाणार होत्या.

वडगुड्याच्या पोटात जुनी कोळशाची खाण होती. गावापासून फार खोल नाही, पंचवीस मीटरवर. मोरेश्वरचे आजोबा तिथे छताला लाकडी टेकू लावायचं काम करत. कोळसा काढला की मागची पोकळी नदीच्या वाळूने भरायची असा नियम होता, आणि कागदावर ती भरलेलीही होती. प्रत्यक्षात किती वाळू आत गेली हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं केव्हाच गेली. खाण बंद झाली, पाण्याने भरली, तिच्यावर गाव नांदत राहिलं. मग कुठे भिंतीला तडा, कुठे विहीर आटली, कुठे बैल बांधलेला गोठा गुडघाभर खाली, असं सुरू झालं.

खालची पोकळी बघायची कशी? खणून बघावं तर गावच ढासळायचं. यावर तोड निघाली ती आकाशातून. अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण निपजतात. आपण तळहात पसरून उभे राहिलो तर दर सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन त्यातून आरपार जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. तो दगडातूनही जातो, पण दगड त्याला थोडाथोडा थकवतो. डोक्यावर दगड-माती जितकी जास्त, तितके खाली पोचणारे म्यूऑन कमी. तेव्हा जुन्या खाणीच्याही खाली, बोअर मारून, हे कण मोजणारी पेटी सोडून ठेवायची. खाणीचं छत ढासळलं, ढासळलेला माल पाण्याबरोबर आडव्या बोगद्यांत पसरला, की वरचं कवच पातळ होतं आणि पेटीत पोचणारे कण वाढतात. कण मोजकेच, म्हणून चित्र उमटायला महिना-दीड महिना लागतो, पण उमटतं. त्या चित्रावरून संगणक खचांक काढतो. वडगुड्यात अशा तीन पेट्या होत्या, आणि त्यांची केबल ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत येत होती. त्या खोलीची किल्ली मोरेश्वरकडे असे. विमा कंपनीने त्याला पेटीचा राखणदार म्हणून ठेवलं होतं.

शोध खरा होता, यंत्र खरं होतं. घोळ होता तो आकड्याच्या वापरात. सगळी पोकळी भरून काढणं सरकारला झेपेना, म्हणून जोखीम वाटून घ्यायचं ठरलं. साठपर्यंत विमा कंपनी घरांची हमी घेणार, तिच्या हमीवर बँक घरांना कर्ज देणार. ऐंशीच्या वर गेलं की सरकार गाव उठवून दुसरीकडे वसवणार. दोन्ही बाजूंनी मोठ्या समाधानाने सह्या झाल्या. साठ आणि ऐंशीच्या मध्ये जे अडकतील त्यांचं काय, हे विचारायला त्या बैठकीत वडगुड्याचं कुणी नव्हतं.

स्थळ मोडल्याच्या पुढच्याच आठवड्यात तालुक्याला शिबिर होतं. एकाच मंडपात, एकाच लांब टेबलाशी, पुनर्वसनाच्या नायब तहसीलदार बाई आणि विमा कंपनीचा माणूस शेजारी-शेजारी बसले होते.

"काका, एकाहत्तरला मला फाईल हलवताच येत नाही," बाई म्हणाल्या. त्या खरोखरच कळवळून बोलत होत्या. "ऐंशी होऊ द्या, महिन्याभरात तुमचं गाव उठवते."

"म्हंजे आमी ऐंशीची वाट पाहाची?"

"तसं मी म्हटलं नाही."

"पयले तर आकडा नव्हता, म्याडम. भेग पडली की तहसीलदार सोता येऊन पाहे नं लोकायले शाळेत हलवे."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता आकड्याशिवाय हलवलं आणि काही झालं नाही, तर खर्चाचा जाब मला विचारतात."

मोरेश्वर एक खुर्ची सरकला. कंपनीच्या माणसाने हसून पाण्याची बाटली पुढे केली. "तुम्ही तर आमचेच. साठच्या आत या, त्याच दिवशी हमी सुरू करतो. आकडा तेवढा उतरू द्या."

दोघांच्या मधोमध बसून मोरेश्वर बाटलीतलं पाणी प्यायला. गाव उठलं तरी चालेल, गाव तरलं तरी चालेल, पण असं लोंबकळत राहणं त्याला सोसवत नव्हतं. प्रज्वल हल्ली घरात जेवताना मान वर करत नसे. कुंदा उपास वाढवत चालली होती. आकडा चढवणं आपल्या हातात नाही, हे मोरेश्वरला माहीत होतं. पण उतरवणं?

ही गोष्ट त्याला एरवी सुचलीही नसती. आदल्या वर्षी शाळेच्या नव्या खोलीसाठी आणलेल्या विटा एका पेटीच्या बरोबर डोक्यावर रचल्या होत्या, आणि त्या महिन्यात आकडा एकाने उतरला होता. विटा उचलल्यावर पुन्हा चढला. कंपनीच्या नकाशात जमिनीची उंची एकदाच, पेट्या बसवताना, भरली होती. दरवर्षी ती पुन्हा मोजायची असं करारात लिहिलेलं होतं. कुणी मोजायची ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सरकार म्हणे कंपनीने, कंपनी म्हणे सरकारने.

गावाच्या मध्यात एक खोलगट जागा होती, दोन पुरुष खोल. लोक तिला बोडी म्हणत. पावसाळा सरला तरी तिथे पाणी साचून राही, डास होत. तिन्ही पेट्या तिच्या पोटाखाली आणि काठाखालीच होत्या, कारण ती जागाच मुळी हळूहळू खचून तयार झाली होती. ग्रामसभेत मोरेश्वर उभा राहिला आणि म्हणाला, "बोडी बुजवून टाकू. डेंगू जाईल, पोरायले खेळाले जागा होईल."

कोण नाही म्हणणार? त्या भागात घर बांधायचं, अंगण उंचवायचं, तर भरण टाकायचं ही रीतच होती. तीन कोसांवर उघड्या खाणीने उकरून काढलेल्या मातीचे डोंगर पडून होते. टिप्परवाल्यांना चहा-डिझेल दिलं की ते हवी तेवढी माती आणून टाकत. सरपंच दादाजी मत्ते यांनी नारळ फोडला. दिवाळीनंतर पंधरा दिवस टिप्पर चालले आणि बोडी रस्त्याच्या पातळीला आली.

माघात खचांक अठ्ठावन्न झाला. फोनवरचा आकडा हिरवा झालेला पाहून दादाजींनी पेढे वाटले. खाण आता निवली, बसायची ती जमीन बसून गेली, असं गाव म्हणू लागलं. मोरेश्वरने पेढा घेतला आणि तो गप्प राहिला. त्याने कुणाचं काही चोरलं नव्हतं. एका मूर्ख आकड्याला त्याने फसवलं होतं, एवढंच त्याला वाटत होतं. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि हेच सांगताना जीव तुटतो.

टाकळवाहीच्या निखाडे गुरुजींची मुलगी ओवी प्रज्वलला सांगून आली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, सगळं तपासून घेणारे. त्यांनी तीन महिने दर सोमवारी वडगुड्याचा खचांक पाहिला आणि मगच होकार दिला. साखरपुड्याला आले तेव्हा त्यांनी बुजवलेल्या बोडीकडे बोट करून विचारलं, "हे भरण नवं दिसते?"

"पाणी साचे ना इथं," मोरेश्वर म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

वैशाखात लग्न लागलं, बुजवलेल्या बोडीवरच मांडव घालून. चार वर्षांनी गावात वरात आली होती. बायका रात्रीपर्यंत नाचल्या. कुंदाचा उपास सुटला.

ओवी घरात आली आणि घराचा आवाजच बदलला. ती बी.एस्सी. होती, सारखे प्रश्न विचारणारी. सकाळचं आटोपलं की ती सासऱ्याबरोबर पंचायतीच्या मागच्या खोलीत यायची, पेट्यांचे आकडे वाचायची, धूळ पुसायची. "मामाजी, आत्ता तुमच्या डोक्यातून किती म्यूऑन गेले असतील?" असं विचारून हसायची. मोरेश्वरला मुलगी नव्हती. पन्नाशी उलटल्यावर आपल्याला मुलगी झाली, असं तो कुंदाला एकदा म्हणाला आणि मग स्वतःच लाजला.

आषाढात खचांक चढू लागला. साठ, एकसष्ट, बासष्ट. बोडीवरची माती गुडघाभर खाली गेली होती. पावसाने भरण बसलं, असं सगळे म्हणाले. नवं भरण बसतंच, त्यात नवल नव्हतं. मोरेश्वरने पुन्हा टिप्पर बोलावले, आणि या वेळी आधीपेक्षा उंच ओटाच बांधून घेतला. श्रावण लागता लागता आकडा एकोणपन्नासावर आला.

ओवीच्या ते लक्षात आलं. आकड्यांची वही समोर धरून ती म्हणाली, "मामाजी, टिप्पर आले की आकडा उतरते. खाली काहीच बदललं नाही. वरची मातीच म्यूऑन अडवून राहिली, नाही का?"

मोरेश्वर हसला. पकडला गेल्याचं दुःख नव्हतंच, उलट पोर हुशार आहे याचा अभिमान वाटला. "कोणाले सांगू नको, बाई. ह्या आकड्यानं गावाचा जीव घेतला होता. मी त्याच्या डोळ्यावर मातीचं फडकं बांधलं."

ती हसली नाही. "पण मामाजी, तेवढ्या मातीचं वजन? खालच्या छतावर तेही तर पडत असेल ना?"

त्याने त्या प्रश्नाचा विचार केलाच नव्हता, असं नाही. एकदा मनात आला होता आणि त्याने तो बाजूला सारला होता. आताही त्याने तसंच केलं. "अवं, पंचवीस मीटर दगड हाये खाली. दोन पुरुष मातीनं त्याले काय होते? हत्ती नाचले तरी काही होत नाही."

"खरंच?"

"मी काय खोटं बोलीन तुह्याशी?"

ओवीने वही मिटली. तिने विश्वास ठेवला. राखीला ती चार दिवस माहेरी जाऊन आली.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. मोरेश्वर मागच्या खोलीत बसला होता, पडद्यावर एकोणपन्नासावरून हळूहळू चढलेला, पण अजून हिरवा, सत्तावन्न होता. आधी खिडकीची काच थरथरली. मग खालून एक आवाज आला, फार मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. तो बाहेर धावला तेव्हा बोडीच्या जागी धूळ उभी होती आणि बोडीच्या काठची नऊ घरं दिसत नव्हती. त्यातलं तिसरं त्याचं होतं. कुंदा वावरात गेली होती, प्रज्वल पाळीवर. ओवी घरी होती. सकाळी तिने गुरुवारची मांडणी करायला आंब्याची पानं मागितली होती, आणि ती मोरेश्वरनेच तोडून दिली होती.

पाच माणसं गेली. ओवीला तिसऱ्या दिवशी वर काढलं. प्रज्वलने तिच्या पायातलं एक जोडवं ओळखलं. सगळं आटोपल्यावर तो कारखान्याच्या खोल्यांवर राहायला गेला.  भरणाचं त्याला काही माहीत नव्हतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात, जिथे उरलेल्या लोकांची सोय केली होती, तिथे मोरेश्वरने एक कागद घेतला आणि पहिल्यांदाच उलटा हिशेब केला. पहिल्या भरणाने तेरा उतरले होते. दुसऱ्यानेही तेवढेच. सत्तावन्न आणि सव्वीस. त्र्याऐंशी. तो हिशेब मागे मागे नेत गेला. दसऱ्यालाच ऐंशी ओलांडली असती. त्या बाई फाईल घेऊन आल्या असत्या, दिवाळीपर्यंत गाव उठलं असतं. भरण बसत नव्हतं, खालची जमीन बसत होती, आणि तो तिच्यावर आणखी माती टाकत होता. ओवीने विचारलं होतं. तिने नीट, स्पष्ट विचारलं होतं. कागद त्याने चुरगळून तोंडात घातला आणि चावत राहिला, कारण ओरडलं असतं तर शेजारच्या बायका धावून आल्या असत्या.

पंधरा दिवसांनी पंचायतीत संयुक्त सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की यंत्र अचूक चाललं आहे. हमीपत्राप्रमाणे जमीन खचणे म्हणजे आकडा ऐंशीच्या वर जाणे. आकडा सत्तावन्न होता, सबब हमीपत्राच्या अर्थाने जमीन खचलेलीच नाही. सरकारी वकील म्हणाले, शासनाने कंपनीच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतले, आणि आकडा हिरवा असताना गाव हलवण्याचा प्रश्नच नव्हता. दोघेही शांतपणे बोलले. समोरच्या खिडकीतून सत्तर हात व्यासाचा खड्डा दिसत होता, पण त्या दालनात तो कुणाच्याच वाट्याचा नव्हता. पुढची तारीख सोमवारची पडली.

बाहेर आल्यावर दादाजी मत्त्यांनी मोरेश्वरला बाजूला घेतलं. "मोरूभाऊ, गावच्या वकिलाचं म्हननं असं, की पेटी बिघडली होती असं निघालं, तर कंपनीले भरून द्या लागते. तू राखनदार. तुह्या तोंडचे दोन शब्द पाहिजेत. पेटी बिघडली होती. बस. नऊ घरं उभी होतील."

"नं भरण?"

 दादाजींना काही तरी उमगलं असावं, पण ते त्यांना उमगून घ्यायचं नव्हतं. "भरणाचं काय? ते तर डासासाठी होतं. भरणाचं नाव काढलं तर कंपनी म्हनंल का गावानंच फसवलं, नं एकाले दमडी भेटनार नाही. तुह्यं तर गेलंच, बाप्पा. बाकीच्यायचं नको घालवू."

मोरेश्वरने मान हलवली. गप्प राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि या वेळी तर ते पुण्याचंही काम होतं.

रविवारी दुपारी निखाडे गुरुजी आले. एकटेच, एसटीने. धुतलेलं पांढरं धोतर, हातात पिशवी. शाळेच्या वऱ्हांड्यात कुंदाने सतरंजी घातली आणि ती आत निघून गेली, तिला त्यांच्याकडे बघवेना. गुरुजींनी पाण्याचा पेला नुसता हातात धरून ठेवला.

"आज गावात लगन हाये," ते म्हणाले. "रिचालेच पाठवलं आहेर घेऊन. माह्यानं त्या मांडवात उभं राहावलं नसतं. म्हनून इकडे आलो." रिचा म्हणजे त्यांची धाकटी मुलगी.

मोरेश्वर व्याह्यांच्या समोर सतरंजीच्या कडेला बसला.

"इवाई, मी भांडाले नाही आलो. तीन महिने आकडा पाहून मी पोरगी दिली. मास्तर मानूस, मी आकड्यावर विश्वास ठेवते. मले एवढंच सांगा, तो चुकला कसा? रातच्याले झोप नाही येत. पोरगी नाही म्हनून नाही, ते तर हायेच. पण चूक कुठं झाली ते समजत नाही म्हनून."

'पेटी बिघडली होती.' दोन शब्द तयार होते, उद्यासाठी घोटून ठेवलेले. मोरेश्वरने तोंड उघडलं, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी त्याला दिसली. प्रश्न विचारताना ओवीच्या कपाळावर नेमकी तिथेच पडायची. त्याच्याच्याने खोटं बोलवलं नाही.

"चुकला नाही," तो म्हणाला. "मी चुकवला."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. विटा, बोडी, पहिले टिप्पर, दुसरे टिप्पर, त्र्याऐंशी. ओवीने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं, शब्दाला शब्द. बोलताना त्याचे डोळे कोरडे होते. गुरुजी थोबाडीत देतील, थुंकतील, निदान उठून जातील, याची तो वाट बघत होता. त्यातलं काहीही झालं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

गुरुजींच्या हातातला पेला मात्र लवंडला. पाणी सतरंजीवर पसरलं, ते त्यांना कळलंही नाही.

"राखीले आली होती," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "आमच्याही गावाखाली खाण, आकडा सहासष्ट. गावात पोट्टे बिनलग्नाचे. तिनं सांगितलं, बाबा, वडगुड्याले भरण टाकलं का आकडा उतरते. मले वाटलं, भरणानं जमीन पक्की होते. मी इचारलं, बाई, धोका तर नाही? म्हने, मामाजीले इचारलं मी. मामाजी म्हनते काही होत नाही. हत्ती नाचले तरी काही होत नाही."

"गुरुजी..."

"दसऱ्यापासून टाकलं आमी. मीच गावाले सांगितलं. शाळेमागच्या खोलात, चांगलं तीन पुरुष." ते उठायला गेले आणि पुन्हा बसले. "अठ्ठावन्न झाला. सहा वर्षांनी पयलं लगन. मांडव तिथंच घातला हाये, इवाई. अख्खं गाव तिथं उभं हाये आत्ता."

त्यांनी पिशवीतून फोन काढला, पण मोरेश्वरनेच तो घेतला आणि रिचाचा नंबर लावला. चार वेळा घंटी वाजली. मागे सनई-चौघडा आणि बँड दोन्ही एकदमच वाजत होते. "बाबा? बोला ना, आयकू नाही येत!" पलीकडून आवाज आला. तो आवाज हुबेहूब ओवीचा होता.

"तुमीच सांगा," गुरुजी कसेबसे म्हणाले. "तुमी पेटीवाले. तुमचं आयकतील."

सोमवारची सुनावणी, दादाजी, नऊ घरं, सगळं मोरेश्वरच्या डोळ्यांपुढून गेलं. आत कुंदा भिंतीला टेकून उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, मी वडगुड्याचा मोरेश्वर," तो फोनमध्ये ओरडला. "सगळ्यायले त्या भरणावरून खाली उतरव. आत्ताच्या आत्ता. रस्त्यावर आन. मांडव पडू दे, जेवण पडू दे, मानसं काढ."

"पण काहून, काका?" ती गोंधळून म्हणाली. "आपला आकडा तर हिरवा हाये. अठ्ठावन्न."

"तो खोटा हाये. इथलाही खोटा होता. मी केला होता खोटा, बाई, म्या माह्या हातानं केला. माइक घे नं माह्यं नाव घेऊन सांग. सांग, का मोरेश्वर पिंपळशेंडेनं भरण टाकून आकडा पाडला नं त्यात तुमची ओवी गेली. असं सांग. तवाच हलतील."

 पलीकडून तिच्या धावण्याचा आवाज आला, मग कुणाचं तरी ओरडणं, मग माइकवर त्याचं नाव. फोन चालूच होता. मोरेश्वर तो कानाला दाबून उभा राहिला, आणि बँड थांबेपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.